खुंटीवरचे कोट

३ ऑक्टोबर, मंगळवार

पोचलो एकदाचे. शिलाई मशीन, दोन पेट्या, इस्त्री आणि मी, सगळे धडधाकट. धाकटा कॉलेजच्या फाटकात उभाच होता. मशीन त्याने एकट्याने उचललं आणि खोलीपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला की ही माझी ताई, आता इथेच राहणार, कुणाचं काही उसवलं असेल तर गुपचूप आणून द्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसूही आवरेना.

खोली आठवण-दालनाच्या पाठीमागे आहे. मोठी खिडकी, बाहेर फरसबंद चौक, चौकापलीकडे वर्गांची लांबच लांब इमारत. कापड पसरायचं टेबल एवढं मोठं की मी त्यावर आडवी होऊ शकेन. आधीच्या दुकानात मांडीवर कापड घेऊन बेतायचे. इथे हातपाय पसरायला जागाच जागा.

धाकट्याने वसतिगृह सोडलं, आता तो माझ्याजवळ राहील. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि मी शाळेत जात होते. त्याची झबली, शाळेचे सदरे, कॉलेजच्या पँटी, सगळं माझ्या हातचं. मध्ये तो इकडे शिकायला आला आणि माझ्यापाशी त्याची नुसती मापं उरली होती.

संध्याकाळी प्राचार्य स्वतः येऊन गेले. साठीकडे झुकलेले, चष्म्याची भिंगं जाड, बोलणं अगदी हळू. बाई, खोलीत काही कमी नाही ना, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, सर, एक आरसा तेवढा हवा. कपडे घालून बघायला येणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसलं नाही तर तो शिंप्यालाच नावं ठेवतो. ते मनापासून हसले. आरसा उद्या येईल.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज दालन पाहिलं.

मला वाटलं होतं संगमरवरी पाट्या असतील, एखादा पुतळा, जुनी तलवार. तसलं काही नाही. एक लांबट खोली, उंच खिडक्या, दोन्ही भिंतींना लाकडी खुंट्या, आणि बऱ्याच खुंट्यांवर निळे लोकरी कोट. बाकीच्या खुंट्या मोकळ्या.

दालनाचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी सगळं सांगितलं. युद्ध लागलं तेव्हा इथली कितीतरी मुलं वर्गातून उठून भरती झाली. पलटणीत गणवेश तिकडचा मिळणार, म्हणून कॉलेजचा कोट इथे काढून ठेवायचा आणि जायचं. परत आलो की घेतो, असं म्हणून. जे आले त्यांनी आपापले कोट नेले. जे राहिले, त्यांचे राहिले. खोलीचा दुसरा काही उपयोग करायचं मग कुणाच्या जिवावर आलं. दरवर्षी आठवण दिवशी सगळं कॉलेज इथे निमूट उभं राहतं, प्राचार्य एकेका कोटावरून ब्रश फिरवतात, की झालं. मामा म्हणाले, या कॉलेजात गैरहजर राहणाऱ्यांचाच मान मोठा.

पुतळ्याकडे मान वर करून बघावं लागतं. हे कोट माझ्याच उंचीवर आहेत. कोपरापाशी पडलेल्या मोडी अजून तशाच, जणू हात आताच बाहेर काढलाय. एकाच्या कोपराला कुणाच्यातरी आईने ठिगळ लावलंय, टाके वाकडेतिकडे. मी असं ठिगळ लावलं असतं तर आमच्या मालकाने हातात नारळ दिला असता. पण ते बघून मला तिथून हलवेना.

काम असं आहे. सगळे कोट झटकून, रफू करून, बटणं पक्की करून तयार करायचे. या वर्षी आठवण दिवशी, नऊ नोव्हेंबरला, आताची मुलं ते अंगावर घालून चौकातून दालनापर्यंत चालत येतील. इतकी वर्षं कोट नुसते टांगलेले राहिले, एकदा तरी ते चालू देत, असं सरांचं म्हणणं. एकच अट घातली त्यांनी. दुरुस्ती हवी तेवढी करा, पण माप बदलायचं नाही. ज्याचा कोट, त्याच्याच मापाचा राहू दे.

९ ऑक्टोबर, सोमवार

कामाला लागले. लोकर अजून दमदार आहे. कसर लागलीय, पण अस्तरालाच जास्त. खिशांत वस्तू सापडतात. पेन्सिलीचा तुकडा, कंगवा, फळ्यावरच्या खडूची पूड. एकात वाळकं पान, कसलं ते ओळखू येईना. सगळं बाहेर काढून, खिसा साफ करून, पुन्हा आत ठेवते. आपलं काय जातं.

खिडकीपासच्या टोकाच्या कोटाला डाव्या बरगडीखाली भोक होतं, रुपयाएवढं. ते मी असं रफू केलं की धाकट्याला बोट ठेवून दाखवावं लागलं. तो म्हणाला, ताई, तू माणसं का नाही दुरुस्त करत. मी म्हटलं, माणसं एका जागी बसत नाहीत.

तो कोट सरांच्या थोरल्या भावाचा, हे मला मामांकडून कळलं. सर स्वतः काही बोलले नव्हते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

रफू उसवलं. उसवलं म्हणजे काय, तिथे रफू केलंच नव्हतं असं भोक आहे. सूत जुनं असेल म्हणून नवं घेतलं आणि पुन्हा केलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा तेच. आणि तो एकटाच कोट नाही. परवा धड असलेल्या एका कोटाची कॉलर आज जळल्यासारखी काळी. एकाची पाठ चाळण झालेली.

मामा म्हणतात, उंदीर. उंदराने कुरतडलेलं कापड मी जन्मभर पाहत आले. त्याच्या कडा ओल्या, कातरलेल्या असतात. इथे वरची लोकर आत गेलीय आणि अस्तर पाठीकडे फाटून बाहेर आलंय. काहीतरी इकडून शिरलं आणि तिकडून गेलं. पण हे कोट तर कुठे गेलेच नाहीत. ते या खुंट्यांवरच होते.

न राहवून सरांकडे गेले. ऐकून त्यांना नवल वाटलं नाही, आणि त्याचंच मला नवल वाटलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले. मग सांगितलं की त्यांच्या दादाला तोफगोळ्याचा तुकडा लागला होता, डाव्या बरगडीखाली. बरोबरचा एक मित्र परत आला, त्याने घरी येऊन सांगितलं होतं. सर तेव्हा शाळकरी. दादाच्या कोटाला भोक पडलेलं त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून रफू करवून घेतात आणि ते उघडतं. आधी भीती वाटायची, म्हणाले. आता वाटतं, दादाचं एवढं तरी दुखणं आपल्या वाट्याला येतंय.

मी परत येऊन पुन्हा सुई ओवली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सरांच्या आईंना भेटले. कॉलेजच्या आवारातच त्यांचा बंगला आहे. आजींची नजर जवळजवळ गेलीय, हात मात्र विलक्षण हुशार. माझी बोटं चाचपून म्हणाल्या, शिवतेस ना गं, सुई टोचून बोटाचं टोक कसं खरखरीत झालंय. पुष्कळ गप्पा मारल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, थोरला दिसला का कुठे येताना. एवढा उशीर करत नाही तो.

सर मला पोचवायला फाटकापर्यंत आले. सांगत होते, रोज संध्याकाळी आई हेच विचारते. पहिली काही वर्षं ते खरं सांगत. ती दर वेळी नव्याने रडायची, जणू आताच कळलंय. शेवटी त्यांनी सांगणं सोडलं. म्हणतात, येईल आई, येतच असेल. डॉक्टरांच्या मते आजींचे दिवस भरत आलेत. सरांच्या मनात आहे की आठवण दिवशी कुणीतरी दादाचा कोट घालून आईसमोर उभं राहावं, आईने एकदा बाहीवरून हात फिरवावा. बस, एवढंच. ही चालण्याबिलण्याची कल्पना त्याच्याभोवती रचलेली.

कॉलेजचे प्राचार्य आणि माझ्यापुढे हात जोडून उभे. मला माझी आई आठवत होती. मी म्हटलं, सर, मी बघते काय ते.

२२ ऑक्टोबर, रविवार

मुलांना कोट घालून पाहिले. नव्या आरशासमोर आधी चेष्टामस्करी चालली होती. मग हळूहळू सगळी गप्प होत गेली. एक दांडगट मुलगा, तालमीतला, कोट चढवला आणि उभ्या उभ्या रडायला लागला. त्याला कारण सांगता येईना. दुसरा म्हणाला, बाही आतून गरम आहे. सगळ्यांनी काढताना घाई केली.

दादांचा कोट कुणाच्याच अंगात बसेना. किरकोळ मुलाला खांद्यात आखडतो आणि जाड्या मुलावर पिशवीसारखा लोंबतो. हे शिंपी असूनही मला कळत नाही. कापड कापड आहे, मुलामुलागणिक मोठं-लहान कसं होईल? सर दाराशी उभे राहून बघत होते. प्रत्येक मुलागणिक त्यांचे खांदे खाली येत होते.

धाकटा चहा घेऊन आला होता. मीच म्हटलं, तू घालून बघ रे.

अंगावर शिवल्यासारखा बसला. मुंढा, बाही, उंची, कुठे सूतभर फरक नाही. धाकट्याचं माप मला तोंडपाठ आहे. हा कोट त्याला बोटभर आखूड व्हायला हवा होता. मामा दारातून म्हणाले, अंगात आला की हो. धाकटा हसला नाही. आरशात बघत राहिला. मग कॉलर डाव्या हाताने सारखी केली.

धाकटा उजवा आहे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

सर त्याला कोट घालून बंगल्यावर घेऊन गेले, आजींना थोडी सवय व्हावी म्हणून. मीही गेले. आजींनी त्याचं तोंड चाचपलं नाही. बाही धरली, वर खांद्यापर्यंत गेल्या, खाली बरगडीपाशी आल्या आणि तिथे त्यांचा हात थांबला. विचारलं, लागलं का रे फार?

धाकटा म्हणाला, "नाही आई. थोडंसंच."

सर बाहेर जाऊन रडले. मलाही रडू आलं. वाटलं, काय गुणाचं पोर आहे, म्हातारीचं मन कसं राखलं. घरी येताना मी त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, कशाबद्दल.

२९ ऑक्टोबर, रविवार

आता तो रोज तास संपले की बंगल्यावर जातो. आजी त्याच्या हातून दूध घेतात. आपल्या हाताने कुणाचंतरी म्हातारपण सुखाचं होतंय, यात वाईट काय. मी स्वतःला हेच समजावते.

पण सर काल सांगत होते की त्याने जिन्याखालच्या फळीमागून एक लाकडी भोवरा काढून आजींच्या हातात दिला. सरांनाही ती जागा माहीत नव्हती. सांगताना सर हसत होते.

आज त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून दिला. खांद्यात आखडला, बाह्या मनगटाखाली लोंबल्या. याच महिन्यात बेतलेला सदरा. टेप घेतली. खांदा दोन बोटं वाढलाय, हात आखूड झालेत. तीनदा मोजलं. टेप बदलून मोजलं. तो मुकाट उभा राहिला, परका माणूस माप द्यायला उभा राहतो तसा, नजर समोर भिंतीवर.

मग म्हणाला, "झालं का बाई?"

बाई म्हणाला मला.

१ नोव्हेंबर

सरांना साफ सांगितलं, धाकटा नको, दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला बसत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या, माझा भाऊ माझ्या हातून चाललाय. त्यांनी पुन्हा हात जोडले. फक्त नऊ तारखेपर्यंत, बाई. नंतर तो कोट मी स्वतः पेटीत बंद करीन. आई इतक्या वर्षांनी रात्री शांत झोपते आहे.

माझं चुकलं कुठे, ते मला इथे बसून दिसतंय. त्यांच्या आईचं सुख आणि माझ्या भावाचं सुख मी एका तराजूत घातलं. पण समोर रडणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे कुणी मला शिकवलंच नाही.

घरी येऊन कोट माझ्या पेटीत ठेवला. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात.

२ नोव्हेंबर

दुपारी तो वर्गातून आला. चौक ओलांडताना खिडकीतून पाहिलं. अंगात कोट.

पेटीचं कुलूप जसंच्या तसं. पेटी रिकामी.

५ नोव्हेंबर

त्याच्या अंथरुणात चिखल. इकडे पाऊस नाही, चिखल कुठे नाही. काळा, चिकट, त्यात लोखंडाचा वास. चादर धुतली, पाणी बराच वेळ तांबूस येत राहिलं.

मी त्याला लहानपणीच्या गोष्टी सांगत बसले. तो पायात पाय अडकवून पडला होता, आईच्या बांगड्या विहिरीत टाकल्या होत्या, असलं सगळं. तो नम्रपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला की तुमच्या भावावर तुमचा फार जीव दिसतो.

मी विचारलं, तो कुठे आहे?

जरा विचार करून म्हणाला, तिकडे फार थंडी आहे.

९ नोव्हेंबर

आठवण दिवस.

सगळं कॉलेज चौकात उभं होतं. कोट घातलेली मुलं दोन रांगांनी निघाली. कुणी शिकवलं नव्हतं, तरी पावलं एकत्र पडत होती. मध्येच एक जण लंगडायला लागला. एकाने दोन्ही कान दाबून धरले आणि तसाच चालत राहिला. तालमीतला तो दांडगट मुलगा सगळी वाट रडत होता. बघ्यांना वाटलं, मुलं फार मनापासून करतायत. काही जणांनी डोळे पुसले.

आजी दालनात चाकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. धाकटा त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्यांनी बाहीवरून हात फिरवला. म्हणाल्या, आलास. तो म्हणाला, आलो. त्याने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सर भिंतीला टेकून उभे होते, लहान मुलासारखा ओठ दुमडून.

इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही. आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

मग सगळ्यांनी कोट काढून आपापल्या खुंटीवर अडकवले. घामाघूम झालेली मुलं चौकाकडेच्या गवतावर जाऊन पडली. माझी मान दुखेस्तोवर मी धाकट्याकडे बघत होते. त्याने कोट काढला नाही. आजींची खुर्ची ढकलत बंगल्याकडे गेला.

१० नोव्हेंबर

सकाळी दालन झाडायला मामा गेले आणि मला बोलवायला आले.

खिडकीपासच्या त्या खुंटीवर धाकट्याचा स्वेटर. मी विणलेला, राखाडी. सगळी बटणं नीट लावून टांगलेला. ऊब नाही त्याला. मी तोंडाशी धरला. धाकट्याच्या केसांचा वास येतो अजून —

मामांना काही समजलं नाही. म्हणाले, विसरला असेल. मी हो म्हटलं.

१२ नोव्हेंबर

आजी गेल्या. पहाटे, झोपेत. त्याचा हात हातात होता. सर म्हणतात चेहऱ्यावर हसू होतं.

मला वाटलं, आता सोडेल. ज्याच्यासाठी आला ते झालं. देव माफ करो, मी त्या बाईच्या मरणाची वाट —

तो सोडत नाही.

१३ नोव्हेंबर

आजींच्या रिकाम्या पलंगाशी बसून आहे. खात नाही. आई कुठे गेली, विचारतो. सर सांगतात. तासाभराने पुन्हा विचारतो. सर पुन्हा सांगतात. दर वेळी त्याला नव्याने —

सर त्याला दादा म्हणतात. मी म्हटलं, तो तुमचा दादा नाही, माझा धाकटा आहे. ते म्हणाले, बाई, दोन्ही आहे. मग माझ्या पायाशी बसले. साठीचा माणूस. म्हणाले, मी हे काय करून बसलो.

डाव्या बरगडीखाली कोट ओला आहे.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. कातडीवर काही नाही म्हणाले. मग बोटांना लागलेलं लाल बघत राहिले. घाईने गेले.

दुपारी मी कात्री घेऊन गेले. पाठीची शिवण उसवली. टाके मागून मिटत आले. कात्रीने बाही कापायला घेतली तर तो ओरडला — धाकट्याच्या आवाजात. ताई, दुखतंय.

हा आवाज किती दिवसांनी.

कात्री फेकली.

१५ नोव्हेंबर

एक कळलं. एक बाही काढू देतो. सुईचा हात आहे म्हणून माझ्याच हातून काढू देतो. पण बाही निघाली की तो हात गार पडतो, नखं निळी. दुसरी निघायला लागली की श्वास थांबतो. पुन्हा घातली की परत येतो. कोट रिकामा राहायचा नाही. त्याला कुणीतरी आत हवं.

सर म्हणाले, माझा दादा आहे, मी घालतो. सुटलेल्या बाहीत हात घालायला खूप धडपडले. कोट खांद्यावर चढेचना. लहान मुलाचा असावा तसा. सर रडून म्हणाले, दादा, मी आहे रे. तो बघत राहिला. ओळखलं नाही. त्याचा भाऊ शाळेत जातो, हा म्हातारा कोण —

मग मी सहज बाही हाताला लावून पाहिली.

हात आत गेला. गरम.

माझेच टाके आहेत त्यात. किती वेळा.

१६ नोव्हेंबर, सकाळ

शिवणाच्या पिशवीत ही वही घेऊन बंगल्यावर आलेय. ऊन छान पडलंय. सरांना सगळं समजावलं. धाकटा जागा झाला की आधी गरम दूध द्या. त्याचा स्वेटर घाला. मशीन त्याचं. मला शोधायला दालनात येऊ देऊ नका, आणि आला तर कोट घालून बघू देऊ नका.

सर नाही म्हणत होते. मी म्हटलं, सर, तुमच्या आईने किती वर्षं वाट पाहिली ते तुम्ही पाहिलंत. माझ्यात तेवढी ताकद नाही.

बसते त्याच्याजवळ.

झालं. त्याची बाही निघेल तसा माझा हात आत. मग दुसरी.

धाकटा श्वास घेतोय. नाकात बारीक शीळ वाजते झोपेत, ती त्याचीच. सरांनी त्याला धरलंय. हात लांब झाले. नखं गुलाबी.

कोट मला मोठा व्हायला हवा. होत नाही.

लिहीत राहते. मी त्याची ताई. शिवणकाम करते. त्याचं माप, छाती चौतीस, खांदा — खांदा

थंडी. कुणीतरी म्हणतंय डोकं खाली ठेव.

बरगडीपाशी ओलं. फार नाही. थोडंसंच.

हा म्हातारा रडतोय, याचा चष्मा — अरे, तू? एवढा मोठा कधी झालास

मी त्याची ताई. पलंगावर एक मुलगा झोपलाय. चांगला आहे. कुणाचा

आई कुठे आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही. एवढ्या लांबून मी

अक्षर डावीकडे पडतंय. वही धर. मी धाकट्यासाठी आले. मी आईसाठी आलो. मी आल